कोट सोडायचा असतो

माणसाची प्रतिष्ठा त्याच्या पुढ्यात काय आहे यावर ठरत नाही, पाठीमागे काय आहे यावर ठरते, असं बेबीचे पपा म्हणत असत. आणि त्यांच्या पाठीमागे बटणांचा अख्खा कारखाना उभा असल्यामुळे ते वाक्य खोडून काढायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बेबीच्या पाठीमागे त्या दुपारी, नाट्यगृहाच्या चौथ्या रांगेत, एक खोकणारे गृहस्थ होते. ते सबंध पहिला अंक खोकले. दुसऱ्या अंकात ते खोकता खोकता हसायला लागले, आणि नेमकं त्याच क्षणी बेबीच्या मानेखाली, दोन खांद्यांच्या मधोमध, काहीतरी गार सरकलं. तिथे इतकी वर्षं कुणाचा तरी हात होता आणि आत्ता तो काढून घेतला, असं काहीतरी.

झालं होतं ते म्हटलं तर काहीच नव्हतं. रंगमंचावर साबणवाल्याची एकुलती एक मुलगी बाहेरून घरात आली. शंभर वर्षांपूर्वीचा काळ, त्यामुळे टोपीवर पिसं, हातात छत्री आणि घोट्यापर्यंत कोट. घरातले नोकर एकेक करून पहिल्या अंकातच पळालेले होते, बाप बुडालेला होता, आणि हे शेवटच्या रांगेतल्या पेंगणाऱ्या माणसालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तिला. तिने मागे न बघता अंगावरचा कोट पाठीमागे जाऊ दिला. तो धप्पकन जमिनीवर पडला. ती तशीच उभी राहिली, वळलीसुद्धा नाही, आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "कोण पडलं ते बघा. आणि उचला त्याला."

हशा पिकला. टाळ्या पडल्या. "अस्सल आहे हं," मागचे गृहस्थ खोकल्यातून वाट काढत बायकोला म्हणाले.

"तुमची आत्याच," बायको म्हणाली.

"आत्या कुठली? तुझी वहिनी."

बेबी हसली नाही. तिने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. नाट्यगृहात गारवा होता म्हणून कोट तिने अंगावरच ठेवला होता, आणि आता तो एकाएकी जड वाटायला लागला. जणू प्रत्येक बटणाला कुणीतरी लोंबकळत होतं. आत्या नाही आणि वहिनीही नाही, तिला उठून सांगावंसं वाटलं. मी. ती मी आहे, आणि मी इथे तिकीट न काढता बसले आहे, कारण हे लिहिणाऱ्या बाईनेच मला पास पाठवला आहे. किती निगरगट्टपणा असावा माणसात!

बेबीची साठी उलटली होती, पण ती अजून बेबीच होती. खरं नाव फक्त डॉक्टर वापरत, आणि तेव्हा ती क्षणभर इकडेतिकडे बघे. नाटक लिहिलं होतं छोटीने. छोटी तिची सख्खी मावसबहीण, तिच्याहून वर्षाने मोठी. बेबी घरात आधीपासून होती, तेव्हा मागाहून आलेली ती छोटी, असा हिशोब पपांनी केला होता, आणि त्या काळात पपांचे हिशोब बरोबर येत. मावशी गेल्यावर छोटी एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली आणि राहिली. पुढे ती शाळेत शिकवायला लागली, संध्याकाळी घरी बसून नाटकं लिहायला लागली, आणि ती नाटकं कुणी करत नसे हे बेबीला एकंदरीत ठीकच वाटत असे. ह्या वयात हे पहिलं नाटक उभं राहिलं होतं, आणि ते निघालं काय, तर हे. त्यातल्या मुलीला सगळे बाहुली म्हणत. बेबीची बाहुली करायला फार डोकं लागत नाही. बटणांचा साबण करायला तर त्याहून कमी.

खरं तर ती आली होती खुर्ची बघायला. नाटकातल्या खुर्चीचा पाय ऐनवेळी मोडला म्हणून त्याच दिवशी सकाळी नाटकमंडळींतले दोघे बेबीच्या दोन खोल्यांच्या घरी आले होते आणि दाराजवळची उंच पाठीची, रुंद हातांची खुर्ची उचलून घेऊन गेले होते. पपांच्या घरातली ती शेवटची वस्तू. बाकी सगळं गेलं तेव्हा ती दुरुस्तीला टाकलेली होती, म्हणून वाचली. "जपून न्या," बेबी म्हणाली, तर त्यांतला एकजण म्हणाला, "बाई, आम्ही रोज राजेरजवाडे उचलतो, खुर्चीचं काय घेऊन बसलात." पहिल्या अंकाचा पडदा वर गेला आणि ती खुर्ची दिव्यांच्या झोतात दिसली, तेव्हा बेबीला भरून आलं होतं. कापड विटलेलं दिसत नव्हतं. हातांवरची कोरीव पानं झळकत होती. शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून सांगावं, आमची आहे, असं तिला झालं. मग एक वकील आला आणि त्याने बोलता बोलता त्या खुर्चीवर बुटासकट पाय ठेवला. बेबी अर्धी उठली होती. पण तो सगळा संताप आताच्या मानाने किरकोळ होता.

कारण कोट. कोट दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्यच नव्हतं. पपांच्या घराचं दालन लांबच्या लांब होतं, काळ्या-पांढऱ्या फरशीचं, आणि दारातून आत आलं की कोट सोडायचा हा तिथला रिवाज. पपा सोडत, त्यांच्या पाठीमागे त्यांचा माणूस असे. बेबी सोडे, तिच्या पाठीमागे छोटी असे. हे कुणी ठरवलं, हे बेबीला आठवत नव्हतं. ठरवलेल्या गोष्टी आठवतात, ही ठरवलेली नव्हतीच. सुरुवातीला तो खेळ होता. बेबी दारातून यायची, मान किंचित वर करायची, खांदे ढिले करायची, आणि पाठीवरून वजन उतरत असतानाच मागून आवाज यायचा: "धरला!" त्या आवाजाशिवाय बेबीला आपण घरात पोचलो असं वाटतच नसे. मग खेळ कधी संपला तेही तिला सांगता आलं नसतं. आवाज येत राहिला एवढं खरं. "धरला!" मग थोडा खाली उतरलेला, "धरला." कारखान्यात दुपारी पोत्यांतून बटणं पत्र्याच्या परातींत ओतत, त्याचा सळसळणारा आवाज घरापर्यंत येई, शिंपल्यांची पांढरी भुकटी खिडक्यांच्या कडांवर साठे, आणि त्या सगळ्या आवाजांत हा एक, मागून, मानेच्या उंचीवर. हसून म्हणायची ती. हसायचीच. बेबीला हसण्याचा आवाज आठवत होता. तोंड आठवत नव्हतं, पण ते साहजिक होतं. तोंड पाठीमागे होतं.

एकदाच आवाज आला नव्हता. बेबी तेव्हा कदाचित नऊ-दहा वर्षांची असेल. शाळेतून आली, कोट सोडला, आणि मागून काही नाही. कोट फरशीवर पडल्याचा आवाज मात्र आला. ती उभी राहिली. आता येईल, मग येईल. वळायचं तिच्या मनातही आलं नाही. जिना चढताना पायऱ्या आहेत की नाहीत हे कुणी हाताने चाचपून बघतं का? तेवढ्यात पपा आले, त्यांनी हा प्रकार पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. पुढे कितीतरी वर्षं जेवणाच्या टेबलावर, पाहुण्यांपुढे, ते हा किस्सा सांगत. "कोट पडलाय, ही उभी! माझी लेक मागे वळून बघत नाही." पाहुणे हसत. बेबीही हसे. तो तिचा किस्सा होता. कुणाला बक्षिसं मिळतात, कुणाच्या नावाचा किस्सा असतो. किस्सा पपा तिथेच संपवत. त्यापुढचं फक्त त्या दोघींना ठाऊक होतं: छोटीला दोन दिवस ताप होता आणि ती वर झोपली होती, कुणीतरी हाक मारली असावी, कारण ती अंगावर घोंगडी घेऊन, कठड्याला धरत जिना उतरून आली, फरशीवरचा कोट उचलला आणि म्हणाली, "धरला." जमिनीवरून उचलून 'धरला'! किती गोड होती ती तेव्हा, असं बेबीला नेहमी वाटत आलं होतं. आणि आज तोच प्रसंग तिने दिवे लावून, पिसांची टोपी घालून, खोकणाऱ्या लोकांपुढे मांडला होता. हसू तेच होतं, पपांच्या टेबलावरचं. तेव्हा तिच्याबरोबर हसत, आता तिला हसत होते. फरक तसा फार नव्हता. पण मग कान का तापले होते?

मध्यंतर झालं. बेबी बाहेरच्या दालनात भिंतीला टेकून उभी राहिली आणि बोलायची वाक्यं जुळवायला लागली. पहिलं वाक्य सोपं होतं: तो कोटाचा प्रवेश काढ. दुसरं: नाहीतर गुरुवारी येऊ नकोस. इथे ती अडखळली, कारण छोटी दर गुरुवारी येत असे, आणि छोटीखेरीज दुसरं कुणी कुठल्याच वारी येत नसे. ती वाचनालयाची पुस्तकं बदलून आणी, गेलेला दिवा बदली, नळाला चिंधी बांधी, चहा पिताना बेबीच्या शेजाऱ्यांच्या नकला करी, आणि जाताना म्हणे, "चल, येते गुरुवारी." ते बंद म्हणजे आठवडाच बंद. पण अपमान तो अपमान. शिवाय त्यात सत्य नव्हतं! बेबी हाताच्या बोटांवर मुद्दे मोजायला लागली. एक, आम्ही बुडालो ते बाहुलीच्या बापासारखे जुगारात नव्हे. चेन आली आणि बटणं गेली, त्याला कोण काय करणार? पपांनी शेवटपर्यंत घरात चेनवाला कपडा येऊ दिला नाही, याला तत्त्व म्हणतात. दोन, माझं लग्न मोडलं त्यातही कोटाचा संबंध होता, पण दोष माझा नव्हता. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात मला खुंटी दाखवली. "हे बघ, ही अशी असते," म्हणाला. त्या संसाराचं घोडं त्या खुंटीपाशी अडलं ते अडलंच. पुढे तो परदेशी गेला, आणि जाताना स्वतःचा कोट स्वतःच काढून घेऊन गेला. आणि तीन, सगळ्यांत महत्त्वाचं, माझा कोट कधी जमिनीवर पडत नाही! या घरात राहायला आल्यापासून आजतागायत एकदाही नाही. मी दारातून येते, कोट सोडते, तो खुर्चीत पडतो. खुर्ची तिथे आहेच. म्हणजे त्यासाठीच ठेवली आहे असं नाही, ती तिथे शोभते म्हणून आहे. ह्यात हसण्यासारखं काय आहे, हे एखाद्याने मला समजावून सांगावं. दालनातले लोक कागदी पेल्यांतून चहा पीत होते आणि एक तरुण मुलगी मैत्रिणीला खांदे पाडून दाखवत होती, "कोण पडलं ते बघा!" मैत्रीण हसून हसून भिंतीवर रेलली. बेबीने तिच्याकडे असं पाहिलं की ती सावरून उभी राहिली. मग तिने बेबीलाच विचारलं, "मावशी, घंटा झाली का हो?"

तिसऱ्या अंकात बाहुली पुन्हा कोट घालून आली आणि पुन्हा तेच. लोक आता आधीच हसायला लागत. बेबी मात्र हसण्याकडे लक्ष द्यायचं सोडून त्या नटीच्या खांद्यांकडे बघायला लागली, आणि तिच्या संतापात एक नवीन संताप मिसळला: काय हे करतेय ही! कोपरं बाहेर. हनुवटी पुढे. पोतं उतरवल्यासारखा कोट उतरवतेय. आणि शेवटी तर कहर. रिकाम्या घरात बाहुलीने शेवटचा कोट सोडला, तो पडला, ती उभी राहिली, आणि मग हळूहळू, आयुष्यात पहिल्यांदा, तिने मागे वळून बघितलं. अंधार. पडदा. नाट्यगृह क्षणभर चिडीचूप झालं, मागचे गृहस्थसुद्धा खोकायचे थांबले. "बाई गं," त्यांची बायको म्हणाली. बेबीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मागे वळून बघणं ही तर शुद्ध थाप होती. कुणी बघत नाही.

विंगेमागच्या बोळातून, गुंडाळलेल्या वायरी ओलांडत, ती रंगपटाच्या खोलीपर्यंत गेली. आरशांभोवती बल्ब पेटलेले होते आणि खोली भट्टीसारखी तापली होती. पावडर, स्पिरिट आणि घामाचा वास. छोटी दाराला लागूनच एका स्टुलावर चहाचा कप घेऊन बसली होती, केसांत कुणीतरी खोचलेलं एक फूल होतं आणि ती ते विसरली असावी. नटी कापसाने तोंड पुसत होती. दिग्दर्शक, गळ्यात मफलर आणि डोक्यावर अकाली टक्कल असलेला तरुण, कुणावर तरी दिव्यांवरून ओरडत होता. बेबीने ठरवलं होतं की कोटाची सगळी बटणं लावूनच बोलायचं. बटणं लावलेली असली की माणूस ठाम दिसतो, असं पपा म्हणत. पण बोळातल्या उकाड्याने तिने ती कधीच सोडली होती, आणि पाऊल आत पडलं तशी तिची मान किंचित वर गेली, खांदे ढिले झाले.

छोटीने कप डाव्या हातात ठेवून उजवा पुढे केला आणि कोट घेतला. चहा हिंदकळलासुद्धा नाही. दोघींपैकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. दिग्दर्शक मात्र ओरडायचा थांबला.

"छोटे, गुरुवारी येऊ नकोस," बेबी म्हणाली. वाक्यांचा क्रम चुकला होता, दुसरं आधी निघालं.

"का गं? कुठे जाणारेस?"

"मी कुठे जाणार! तू येऊ नकोस. चारचौघांत माझा तमाशा करायचा आणि वर चहा प्यायला यायचं."

"तुझा? तमाशा?" छोटीने कप खाली ठेवला. "काय झालं? कुणी काही बोललं का? जागा धड नव्हती मिळाली?"

"साळसूद बनू नकोस. ती बाहुली. मी नाही ती?"

छोटीने तिच्याकडे बघितलं. छोटीला खोटं बोलता येत नसे. शाळेत इतकी वर्षं दुसऱ्यांचं खोटं पकडण्यात गेल्यामुळे स्वतःचं राहूनच गेलं होतं. "तू?" ती म्हणाली. "तू कशाला असशील? बेबी, खरंच सांगते, तुला घालायचं माझ्या डोक्यातच आलं नाही."

बेबीने पर्स या हातातून त्या हातात घेतली. या उत्तराची तयारी तिने केली नव्हती. "डोक्यातच आलं नाही?" ती म्हणाली. "जन्म काढलास माझ्या घरात आणि तुझ्या डोक्यात आलं नाही?"

"नाही गं. मला एक बावळट मुलगी पाहिजे होती. अशा मुली पुस्तकांत ढिगाने असतात."

"मग कोट? कोटही पुस्तकात होता?"

"कोटाचं यांना विचार," छोटीने मफलरवाल्याकडे बोट केलं. "ते माझं नाहीच."

"ते अपघाताने झालं हो," दिग्दर्शक उत्साहाने पुढे झाला. "मुळात एक मोलकरीण होती. बाकीचे नोकर जातात, ती राहते. बाहुली कोट सोडणार, ती धरणार. ते काम करणारी मुलगी बाळंतपणाला माहेरी गेली. तालमीत मागे कुणी नव्हतं, हिने सवयीने कोट सोडला, तो आपटला, आणि ही आपल्या मनानेच म्हणाली, कोण पडलं ते बघा. आम्ही सगळे गडाबडा लोळलो. म्हटलं, हेच ठेवायचं!"

"माझं वाक्य आहे ते," नटी कापसाआडून म्हणाली. "पोस्टरवर टाकणार होतात."

"टाकू गं." तो बेबीकडे वळला. "बरं झालं एका अर्थी. मोलकरणीला तसंही काही काम नव्हतं. सगळ्या नाटकात मिळून एकच शब्द. काय होता तो, लेखिकाबाई? हां. 'धरला.' दर वेळी आपलं, धरला. धरला."

बल्ब बारीक गुणगुणत होते. बेबीने छोटीकडे बघितलं; छोटी मांडीवरच्या कोटाची कॉलर सरळ करत होती.

"मग दुसरी बाई का नाही घेतली?" बेबीचा आवाज चढला. आपण आता कोणाची बाजू घेऊन चिडलो आहोत, हे तिला नीट कळत नव्हतं, पण चिडणं थांबवता येत नव्हतं. "एक जण गेली म्हणून कामच काढून टाकायचं?"

"अहो, पटत नव्हतं ते. बुडालेल्या घरात ही एकटी राहते कशाला? पगार नाही, मान नाही, ती मुलगी तिच्याकडे वळूनसुद्धा बघत नाही. प्रेक्षक विचारणार ना, ही जात का नाही? मी यांना विचारलं. यांना काही सांगता येईना."

"मी म्हटलं, बघते विचार करून," छोटी म्हणाली.

"मग?" बेबीने विचारलं.

"मग काय. तोवर नाटक बसलं."

दिग्दर्शकापुरता हा विषय संपलेला होता. "पण बाई, आत्ता तुम्ही आत येताना जे केलंत ना," तो म्हणाला, "ते पुन्हा कराल? अगं, बघ इकडे. असं पाहिजे मला, असं!" बेबीचा संताप आता इतका जुना झाला होता की त्याला कुठे न्यावं हे तिला उमगत नव्हतं, आणि त्यातच ती नटी उठली, आपला घोट्यापर्यंतचा कोट चढवून दारातून आत आली आणि कोपरं बाहेर काढून तिने तो भिरकावला. ते मात्र बेबीला बघवलं नाही. "टाकतेस तू," ती म्हणाली. "कोट टाकायचा नसतो. सोडायचा असतो. टाकणारा माणूस मनातल्या मनात मागचा अंदाज घेत असतो. तुला अंदाज घ्यायचाच नाही. मान आधी वर, खांदे मागून. आणि श्वास सोड. घरी आलीयेस तू." नटीने पुन्हा केलं. बरं झालं. आणखी एकदा केलं आणि कोट पाण्यासारखा उतरला. दिग्दर्शकाने टाळी वाजवली. "बाई, तुम्ही जरा मागे उभ्या राहा," तो छोटीला म्हणाला. "धरा, म्हणजे हिला लय कळेल."

"मी नाही," छोटी म्हणाली.

"एकदाच."

"नको रे बाबा. ते काम मी पुष्कळ केलंय." ती हसली. बेबी तिच्या समोरच होती, त्यामुळे तिला छोटीचं हसतानाचं तोंड पूर्ण दिसलं. ते साधं, दमलेलं, हसरं तोंड होतं, आणि त्यात राग मुळीच नव्हता. राग असता तर बेबीला काहीतरी बोलता आलं असतं.

निघताना छोटीने कोट धरला आणि बेबीने बाह्यांत हात घातले. "मग खुर्ची परत द्यायला येशीलच तू," बेबी बटणं लावत म्हणाली.

"ती माणसं आणून देतील."

"त्या वकिलाने तिच्यावर पाय ठेवला होता. बुटासकट."

"सांगते मी त्यांना."

"आणि गुरुवारी?"

"तूच म्हणालीस ना, येऊ नकोस."

"रागाने म्हणाले."

"हो, कळलं ते," छोटी म्हणाली. तिने केसांतलं फूल काढून बघितलं आणि आरशापुढे ठेवलं. "बघते."

बेबी चालतच घरी निघाली. दुकानांतून नुकते दिवे लागत होते. एका काचेमागे डोकी नसलेले पुतळे कोट घालून उभे होते, सगळ्यांना चेन. ती भराभर चालत होती, कारण ती अजून चिडलेली होती, आणि आता चिडण्याला नेमकं ठिकाण राहिलं नव्हतं. नाटकात आपण आहोत म्हणून ती चिडली होती. आपण नाही म्हणून चिडली. आणि जी खरोखर होती तिला काढून टाकलं म्हणून. डोक्यातच आलं नाही म्हणे! त्या मफलरवाल्याचा प्रश्न तर तिच्या पायांत पायांत येत होता. ही राहते कशाला? हा काय प्रश्न झाला? राहते म्हणजे राहते. मावशीचं पोर, जाणार कुठे? पण नोकरी लागल्यावर तिला शाळेच्या आवारात खोली मिळत होती, ती तिने घेतली नव्हती. सवय? सवय फरशीची लागते, माणसाच्या पाठीची कुणाला लागेल? उपकाराची जाणीव? मग पपा गेल्यावर, घर गेल्यावर, उपकार करायला काही उरलंच नसताना, दर गुरुवारी? बेबीने एकेक उत्तर उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. छोटीला विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, पण विचारायला वळावं लागलं असतं, आणि इतकी वर्षं ते जमण्यासारखं नव्हतं. जमण्यासारखं नव्हतं म्हणजे सुचलं नव्हतं. एका उत्तरापाशी ती रस्त्यातच थांबली. ते उत्तर फार लहान होतं, आपल्यावर तिचा जीव आहे एवढंच, आणि त्यात बेबीचं श्रेय काहीच नव्हतं. मागून येणारा एक माणूस तिच्यावर आपटता आपटता वाचला. "काय बाई, मधेच उभ्या राहता!" तो म्हणाला. "मग मागून येणाऱ्याने बघून यावं," बेबी म्हणाली, आणि तिला जरा बरं वाटलं.

जिना चढताना तिने ठरवलं की उद्या आपणच छोटीकडे जायचं. तिची खोली कुठल्या गल्लीत आहे हे तिला साधारण ठाऊक होतं. नेमकं घर ठाऊक नव्हतं, कारण जायची वेळ कधी आली नव्हती. जायचं, आणि म्हणायचं, छोटे, ते मोलकरणीचं काम परत घालायला लाव. त्या टकल्याला सांग, राहते म्हणजे राहते. हे वाक्य तिला पसंत पडलं. मग ते तितकंसं पसंत पडेना, पण तोवर ती दारापाशी पोचली होती. किल्ली कुलपात फिरली. आतून, बंद घराचा, तिचा स्वतःचा, ओळखीचा वास आला. दिवसभराच्या अपमानातून अखेर आपण आपल्या जागी आलो असं तिला वाटलं. तिची मान किंचित वर गेली, खांदे ढिले झाले, श्वास सुटला. इतका चांगला कोट तिने कित्येक वर्षांत सोडला नव्हता.

तो जमिनीवर पडला.

बेबी उभी राहिली. मागे वळून न बघता, कपाळाला आठी घालून, ती थोडा वेळ तशीच उभी राहिली.

खुर्ची नाटकात होती, आणि नाटकाचं बुकिंग महिनाअखेरपर्यंत झालेलं होतं.